नावं हरवलेल्या गावातलं गाणं

मांडूत सागर तलावाकडून रूपमती महालाकडे जाताना एका जागी गाड्या हमखास थांबतात. जागेचं नाव 'इको पॉइंट'. गाईड तोंडापुढे दोन्ही हात धरतो, झाडीतल्या घुमटाच्या दिशेने हाक मारतो, क्षणभर थांबतो आणि हाक परत येते. मग पर्यटकांची चढाओढ लागते. कुणी बायकोचं नाव हाकारतो, कुणी स्वतःचंच. शाळेची सहल असेल तर मास्तरांच्या नावाचा उद्धार होतो. परत आलेली अक्षरं थोडी झिजलेली असतात, पण आवाज कुणाचा ते लगेच कळतं.

ज्या इमारतीवरून ही हाक परत येते तिला 'दाई का महल' म्हणतात. जवळच दुसरा घुमट आहे, तो 'दाई की छोटी बहन का महल'. ही दाई कुणाची, आणि तिच्या धाकट्या बहिणीने असं काय केलं होतं की तिच्याही नावाने महाल उभा राहावा, हे कुणीच सांगू शकत नाही. मुळात हे महालच नव्हेत. घडण पाहिली तर दोन्ही थडगी आहेत. आत कोण निजलंय त्यांची नावं गेली आणि मागे राहिली ही थट्टेत ठेवल्यासारखी ओळख.

याच मांडूत गुलजारांनी 'किनारा' चित्रित केला. चित्रपट १९७७ साली आला. त्यातलं 'नाम गुम जाएगा' हे गाणं आज चित्रपटापेक्षा कितीतरी जास्त लोकांना ठाऊक आहे. शब्द गुलजारांचे, संगीत राहुलदेव बर्मन यांचं, आवाज लता मंगेशकर आणि भूपिंदर सिंग यांचे, पडद्यावर हेमामालिनी आणि जितेंद्र. जागा निवडताना गुलजारांच्या मनात काय होतं ते असो. नावं हरवण्याविषयीचं गाणं चित्रित करायला या देशात याहून योग्य गाव मिळालं नसतं.

'किनारा'ची कथा आज सांगावी लागते. आरती नर्तकी. तिचा चंदन मोटार अपघातात जातो. ही भूमिका धर्मेंद्रने पाहुणा कलाकार म्हणून केली होती. त्या अपघाताला नकळत कारण झालेला इंदर हा वास्तुविशारद पुढे तिच्या आयुष्यात येतो, आणि कथेच्या ओघात आरतीची दृष्टीही जाते. दिसत नसलेल्या बाईला समोरचा माणूस ओळखायचा तर आवाजावरूनच. ओळखीची खूण म्हणून शेवटी आवाजच मागे राहतो, ही गाण्यातली कल्पना अशी कथेच्या पोटातूनच आलेली आहे. वरून चिकटवलेली नाही.

गाण्याचं चित्रण पाहताना आधी जाणवतं ते त्यात काय काय नाही हे. नाचणाऱ्यांचा ताफा नाही, दर कडव्याला बदलणारं गाव नाही. दोन माणसं, जुन्या कमानी, दगडी पायऱ्या आणि त्यांच्यापलीकडचं मोकळं आभाळ. कॅमेरा के. वैकुंठ यांचा. 'परिचय', 'आँधी', 'मौसम' या गुलजारांच्या चित्रपटांचं छायाचित्रण त्यांनीच केलं होतं. वैकुंठ मूळचे गोव्याचे. मंगेशकरांचं मूळही गोव्यातलं. त्यामुळे माळव्यातल्या या गाण्यात डोळा आणि गळा दोन्ही गोव्याचे आहेत, ही गंमत मराठी माणसाने लक्षात ठेवावी अशी आहे.

आता थोडं जगाकडे. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं आणि चोवीस तास गाणी 'दाखवणारी' वाहिनी ही त्या लोकांना क्रांती वाटली. पुढे मायकेल जॅक्सनच्या 'थ्रिलर'चा जवळजवळ चौदा मिनिटांचा व्हिडिओ आला आणि गाणं आधी की चित्र आधी असा प्रश्न पडू लागला. आपल्याकडे हा प्रश्न तोवर फार जुना झाला होता. १९३५ च्या 'धूप छाँव'मध्ये पार्श्वगायन आलं तेव्हापासून गाणारा एक आणि ओठ हलवणारा दुसरा ही सोय झाली, आणि गाण्याची फीत चित्रपटातून वेगळी काढून पाहता येईल इतकी स्वयंपूर्ण होत गेली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. त्यावरचं गुरुवारचं 'छायागीत' म्हणजे काय होतं? कथेपासून सोडवलेली गाणी, एकापाठोपाठ एक. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी अख्खी चाळ जमायची, पुढे पोरं बसलेली, दारात बायका उभ्या. एमटीव्ही आपल्याकडे गिरगावात आणि शनिवार पेठेत आधीच आलं होतं. त्याला तसं कुणी म्हणत नव्हतं इतकंच.

आणि तेव्हाचा टीव्ही कृष्णधवल. रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये आलं. म्हणजे 'किनारा' चित्रपटगृहात न पाहिलेल्या कितीतरी घरांनी मांडूचे महाल आधी राखाडीच पाहिले असणार. पुढे कधी प्रत्यक्ष गेल्यावर, पावसाने हिरवंगार झालेलं पठार पाहून त्यांना ते वेगळंच गाव वाटलं असेल.

ओघात आणखी एक जुळणी सांगायला हवी. केट बुश या एकोणीस वर्षांच्या इंग्रज गायिकेचं 'वदरिंग हाइट्स' हे गाणं १९७८ साली ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. लाल झगा घालून माळरानावर हातवारे करत ती नाचते, तो व्हिडिओ पॉप संगीताच्या इतिहासात अमर आहे. गाणं एमिली ब्राँटेच्या त्याच नावाच्या कादंबरीवर बेतलेलं. पण केट बुशच्या बारा वर्षं आधी, १९६६ मध्ये, त्याच कादंबरीवरून 'दिल दिया दर्द लिया' निघाला होता. दिलीपकुमार, वहिदा रहमान, संगीत नौशाद यांचं. आणि त्याच्या चित्रीकरणासाठी मंडळी आली होती ती मांडूत. यॉर्कशायरच्या वादळी माळावरची कथा मांडवगडाच्या कड्यावर सहज मावली. पडके वाडे आणि अधुरी प्रेमं या दोन गोष्टींना देशाची हद्द लागत नसावी.

मांडूला मराठीत जुनं नाव मांडवगड. धारच्या पवारांच्या संस्थानात हा गड स्वातंत्र्यापर्यंत होता, आणि नर्मदा परिक्रमा करणाऱ्यांना इथल्या रेवाकुंडाचं दर्शन चुकवून चालत नाही, म्हणून कितीतरी मराठी घरांत 'मांडू' हा शब्द माहीत नसला तरी 'मांडव' माहीत असतं. शिलालेखांत मंडपदुर्ग. सुलतानांनी नाव ठेवलं शादियाबाद, आनंदाचं नगर. होशंगशाहाने पंधराव्या शतकाच्या आरंभी धारहून राजधानी इथे आणली. गावालाच चार नावं, मग इमारतींची काय कथा.

बाजबहादूरचा महाल घ्या. रूपमतीच्या प्रेमापायी राज्य घालवणारा तो बाजबहादूर. गाईड इथे आवाज खाली आणून बोलतो. पण महालाच्या दारावरचा लेख सांगतो की ही इमारत सुलतान नासिरुद्दीनने १५०८-०९ मध्ये बांधली. बाजबहादूर गादीवर आला तो त्यानंतर साधारण अर्धशतकाने. टेकडीवरचा रूपमती महाल ही मुळात लष्करी टेहळणीची चौकी. दक्षिणेकडे कडा सरळ तुटतो, खाली निमाडचं मैदान, आणि हवा स्वच्छ असेल तर लांबवर नर्मदेची चंदेरी रेघ. शत्रू निमाडातून येताना दिसावा म्हणून बांधलेल्या जागेवरून रूपमती रोज नर्मदेचं दर्शन घेई, अशी कथा रुजली. वरच्या छत्र्या नंतरच्या. 'गदाशाहचं दुकान' म्हणून जी भली थोरली इमारत दाखवतात, तिच्यात कुणी वाणी कधी बसलाच नाही. गदा म्हणजे भिकारी. हे टोपणनाव मेदिनी राय या बलाढ्य सरदाराचं असावं असा इतिहासकारांचा तर्क आहे. खऱ्या नावाने ओळखली जाणारी इमारत इथे शोधावीच लागते. जहाज महाल तेवढा प्रामाणिक. मुंज आणि कपूर या दोन तळ्यांच्या मधोमध सुमारे १२० मीटर लांब आणि अगदी अरुंद, पाणी भरलं की खरंच नांगर टाकलेल्या गलबतासारखा दिसतो. पण ती उपमा झाली, नाव नव्हे.

स्वतः रूपमती कोण होती? घराण्याचा, जन्मगावाचा पक्का पत्ता नाही. कुणी तिला राजपूत म्हणतात, कुणी नर्मदाकाठची साधी मुलगी. सगळ्या कथांचं एकमत फक्त एका गोष्टीवर: ती गायची. सुलतानाने आधी तिचा आवाज ऐकला आणि मग तिला पाहिलं. १५६१ मध्ये अकबराचा सरदार अधमखान माळव्यावर चालून आला, सारंगपूरजवळ बाजबहादूरचा पराभव झाला, तो पळाला, आणि अधमखानाच्या हाती लागण्याआधी रूपमतीने विष घेतलं असं परंपरा सांगते. अहमद-उल-उमरी याने १५९९ मध्ये ही कथा फारसीत लिहिली. एल. एम. क्रम्प या इंग्रज अधिकाऱ्याने १९२६ मध्ये तिचं भाषांतर प्रसिद्ध केलं, आणि त्यात रूपमतीची म्हणून मानली जाणारी पदंही दिली.

बाजबहादूरची पुढची गोष्ट मात्र गाईड फारशी सांगत नाहीत, कारण तिने शोकांतिकेचा विरस होतो. काही वर्षं रानोमाळ भटकून तो शेवटी अकबरालाच शरण गेला. 'आईन-ए-अकबरी'त अबुल फजलने दरबारातल्या गवय्यांची यादी दिली आहे, त्यात माळव्याचा हा माजी सुलतान आहे, तोही जोड नसलेला गायक म्हणून. मूळचा हा मियाँ बायजीद. बाजबहादूर हा गादीवर बसताना घेतलेला किताब. राज्य गेलं तरी गळा कामी आला.

'नाम गुम जाएगा'शी जोडलेल्या माणसांची नावंही अशीच आहेत. गुलजार म्हणजे संपूर्णसिंग कालरा. जितेंद्र म्हणजे रवी कपूर, गिरगावच्या चाळीत वाढलेला, त्यामुळे मराठी अस्खलित. त्याला जितेंद्र केलं ते व्ही. शांताराम यांनी, आणि नायक म्हणून पडद्यावर आणलं त्या चित्रपटाचं नाव होतं 'गीत गाया पत्थरों ने'. दगडांनी गायलेल्या गाण्याने सुरुवात केलेला नट तेरा वर्षांनी मांडूच्या दगडांत गाणं म्हणायला आला! राहुलदेव बर्मनना त्या नावाने हाक मारणारा माणूस चित्रपटसृष्टीत विरळाच. सगळ्यांचे ते पंचम.

लताबाईंची गोष्ट तर सगळ्यात सरस. २८ सप्टेंबर १९२९ रोजी त्या इंदूरला जन्मल्या, मांडूपासून शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. पाळण्यातलं नाव हेमा. पुढे वडिलांच्या, मास्टर दीनानाथांच्या, नाटक कंपनीच्या 'भावबंधन'मधल्या लतिकेवरून त्या लता झाल्या. मंगेशकर हे आडनावही दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशीवरून घेतलेलं, घराणं हर्डीकरांचं. म्हणजे पाळण्यातल्या हेमाने पडद्यावरच्या हेमाला आवाज दिला, आणि दोघींपैकी एकीचंच नाव मूळचं राहिलं होतं.

१९४९ चा 'महल' हा त्यांच्या नावाचा खरा किस्सा. त्यातलं खेमचंद प्रकाश यांचं 'आयेगा आनेवाला' रेडिओवर वाजू लागलं आणि लोक वेडे झाले. रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी'. कामिनी हे पडद्यावरच्या मधुबालेच्या पात्राचं नाव. गाणाऱ्याचं नाव छापायची तेव्हा रीतच नव्हती. श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा सुरू केली, ही कामिनी कोण? मग खरं नाव जाहीर करावं लागलं. आधी आवाज घराघरांत गेला आणि नाव मागून चालत आलं. पुढे त्यांनी मराठी चित्रपटांना संगीत दिलं तेही 'आनंदघन' या टोपणनावाने. 'साधी माणसं'ला राज्य शासनाचा पुरस्कार जाहीर झाला तेव्हा आनंदघन म्हणून उठून कुणी मंचाकडे जाईना, आणि शेवटी त्यांचंच नाव घेऊन त्यांना बोलावलं गेलं. स्वतःचं नाव असं खिशात घालून ठेवणारी गायिका जेव्हा नावाच्या नश्वरतेचं गाणं म्हणते, तेव्हा त्याला कवीच्या कल्पनेपलीकडचं वजन येतं.

भूपिंदर सिंगांवर मात्र थोडा अन्याय होतो. गाणं निघालं की लोक लताबाईंचं बोलतात, आणि दुसरा आवाज कुणाचा हे विचारलं तर अडखळतात. हा माणूस आधी गिटारवादक. 'दम मारो दम'मधली गिटार त्यांची. १९६४ च्या 'हकीकत'मध्ये रफी, तलत आणि मन्ना डे यांच्या पंगतीत त्यांनी एका गाण्यात गळा मिसळला होता. जाड, किंचित खरबरीत, झोपेतून उठल्यासारखा तो आवाज लताबाईंच्या सुरेल रेषेशेजारी ठेवण्यात पंचमचं कसब आहे. दोन गोड आवाज असते तर गाणं साखरपाक झालं असतं. इथे एक स्वर पाण्यासारखा, दुसरा मांडूच्या दगडासारखा. चाल संथ, वाद्यं मागे सरून उभी. 'दम मारो दम'च्या संगीतकाराला गप्प बसणंही किती जमत होतं, ते इथे ऐकावं.

गाण्याच्या मुखड्यातली आवाजाविषयीची ओळ आता म्हणीसारखी वापरली जाते. स्पर्धांच्या व्यासपीठांवर, गायकांच्या सत्कारात, वृत्तपत्रांच्या मथळ्यांत. आवाज हीच माझी ओळख, असं ठणकावून सांगितल्यासारखी ती म्हटली जाते. पण गुलजारांनी त्या ओळीच्या शेवटाला हळूच एक 'जर' ठेवला आहे. आवाज ओळख ठरेल, पण कुणाला आठवण राहिली तर. त्या 'जर'मुळे ओळीत विनंती येते, आणि थोडी भीतीही. मथळे देणारे नेमका तोच शब्द गाळतात.

६ फेब्रुवारी २०२२ रोजी लताबाई गेल्या. त्या दिवशी शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले, आणि त्या आठवड्यात देशभरातल्या वाहिन्यांवर, फोनवरच्या संदेशांत, श्रद्धांजलीच्या फलकांवर हजारो गाण्यांतून निवडलं गेलं ते बहुधा हेच गाणं. त्याच वर्षी १८ जुलैला भूपिंदर गेले. पंचम ४ जानेवारी १९९४ रोजीच गेले होते. पाच महिन्यांच्या अंतराने गाण्याचे दोन्ही गळे थांबले.

जायचं असेल तर पावसाळ्यातच जावं. जहांगीर १६१७ मध्ये इथे येऊन राहिला आणि पावसाळ्यातल्या मांडूइतकी सुखद जागा आपल्याला माहीत नाही असं आत्मचरित्रात लिहून गेला. त्याने बरीच गावं पाहिलेली होती. धारहून मांडू साधारण ३५ किलोमीटर. गडाच्या दारांतून वर आलं की रस्त्याकडेला खुरासानी चिंच विकायला मांडलेली दिसते. हे बाओबाबचं फळ, मखमली लवेच्या भल्या मोठ्या कवचाचं. आतला पांढरा आंबट गर तोंडात विरघळतो. ही झाडं मुळात आफ्रिकेतली. जेवायला दाल-पानिये मिळाले तर सोडू नयेत. मक्याच्या पिठाचे, पानांत घालून गोवरीच्या विस्तवावर भाजलेले. जहाज महालाच्या गच्चीवर दुपारी गर्दी असते, सकाळी लवकर गेलं तर कमानी मोकळ्या मिळतात. होशंगशाहाच्या संगमरवरी थडग्याच्या दारावरचा फारसी लेखही पाहावा. शाहजहानचे चार वास्तुकार १६५९ मध्ये इथे आदर व्यक्त करायला आले होते, त्याची ती नोंद. उस्ताद हमीद त्यांतले एक. 'किनारा'चा नायक वास्तुविशारद आहे हे इथे आठवलं तर बरं.

परतीची वाट इंदूरवरून जाते. तिथल्या शीख मोहल्ल्यात, ज्या घरात हेमा नावाची ती मुलगी जन्मली, तिथे आज कापडाचं दुकान आहे.